भोंग्यावरच्या टेकाडे दीदी

"वर्माजी, गेट पर ट्रक आया है. और आपके घर से फोन था, बीपी की गोली आज फिर टेबल पर छोड़ आए हैं."

आमच्या कारखान्यातली सकाळ अशी सुरू व्हायची. शेडच्या चारही कोपऱ्यांत भोंगे होते. ग्राइंडरच्या आवाजातही ऐकू जावं म्हणून मालकांनी चांगले दणकट बसवले होते. त्यामुळे वर्मांचं ब्लडप्रेशर वेल्डरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ झालं होतं.

भोंग्यावरचा आवाज कुंदा टेकाडे यांचा. रिसेप्शनला टेलिफोनचा बोर्ड आणि माइक, दोन्ही त्यांच्याकडे. सगळे त्यांना टेकाडे दीदी म्हणत. नुसता निरोप सांगून माइक बंद करणं त्यांना जमायचंच नाही. शेपटाला एक वाक्य लागायचंच. "यादवजी, स्टोर में आइए, और चाबी साथ लाइए, कल जैसा मत कीजिए." काल काय झालं होतं, ते मग शेडभर लोक यादवला विचारत.

आमची कंपनी पंख्यांची. असं सांगितलं की रायपुरात लोक विचारायचे, "छतवाले?" छतवाले नाहीत. राइस मिलच्या आणि लोखंडाच्या भट्ट्यांना हवा पुरवणारे पंखे. एक पंखा ट्रकवर चढवला की दुसऱ्याला जागा उरत नसे. मी तिथे ड्रॉइंग ऑफिसात होतो. सगळ्या कारखान्यात मराठी माणसं दोनच, दीदी आणि मी. मी समता कॉलनीतला भुसारी आणि त्या बूढापाऱ्यातल्या टेकाडे. मी त्यांना कुंदाताई म्हणायचो.

कुंदाताईंची अशी पक्की समजूत होती की मराठी ही आमच्या दोघांची गुप्त भाषा आहे. मग भोंग्यावरून सगळ्या उरला औद्योगिक वसाहतीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या मला गुप्त बातम्या देत.

"भुसारी भाऊ, साहेब वरतं येऊन राहिले. चहाचा कप लपवा."

साहेब म्हणजे आमचे प्लांट मॅनेजर मिश्राजी. जिन्यावर असतानाच त्यांना हे ऐकू यायचं. ते आत येत, माझ्या टेबलाखाली एक नजर टाकत आणि निघून जात. ते नवीन आले तेव्हा तर वर्षभर कुंदाताई रोज त्यांचं हवामान सांगायच्या. "भाऊ, आज मिश्रा लय चिडून हाय. जपून राहा." एका विश्वकर्मा पूजेला प्रसाद घेताना मिश्राजी त्यांना शुद्ध मराठीत म्हणाले, "कुंदाताई, मी आज चिडलेलो नाही. माझं शिक्षण अमरावतीला झालंय."

मला वाटलं, आता यांचं काही खरं नाही. कुंदाताईंनी प्रसादाचा द्रोण खाली ठेवला आणि त्यांनाच विचारलं, "मग इतके दिवस काहून नाही बोलले?"

त्यांच्या आवाजात भीती नव्हती, तक्रार होती. तेव्हा आम्ही नुसते हसलो.

मग कंपनीचे दिवस फिरले. आधी रात्रपाळी बंद झाली. तयार पंखे आवारात ताडपत्रीखाली पडून राहू लागले, कारण ज्यांनी ते मागवले होते त्यांच्याच भट्ट्या थंड पडल्या होत्या. शेडमधला आवाज कमी झाला तसे भोंगे उगाचच मोठे वाटू लागले.

एके दिवशी एच. आर.मधून बोर्डावर फोन आला, रामाधार साहूला पाठवा. रामाधार आमचा जुना फिटर, अभनपूरकडचा. कुंदाताईंनी नेहमीसारखं माइकवर सांगितलं, "रामाधार, एच. आर. में आइए. और हाथ धो के आना, पिछली बार कुर्सी पर ग्रीस लगा दिए थे."

शेडमध्ये हशा झाला. रामाधारही "हव दीदी" म्हणत हसला. त्याने हात धुतले, केसांवरून ओला हात फिरवला, शर्टाची वरची गुंडी लावली आणि गेला. त्याला वाटलं, मुलाला कामावर लावण्यासाठी त्याने अर्ज दिला होता त्याचं काहीतरी झालं असेल. बाहेर आला तेव्हा हातात पाकीट होतं. रिसेप्शनवरून जाताना तो थांबला आणि कुंदाताईंना म्हणाला, "काली ले झन आबे कहि दिस, दीदी." उद्यापासून येऊ नको म्हणाले.

त्या दिवशी भोंगा पुन्हा वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी एच. आर.मधून पुन्हा कुणाचं तरी नाव आलं. कुंदाताईंनी फोन ठेवला, बोर्ड सोडला आणि स्वतः शेडमध्ये उतरल्या. गुडघ्यांचा त्रास होता, पायरीपायरीला कठडा धरायच्या. त्या माणसाजवळ जाऊन हळूच काहीतरी बोलल्या आणि त्याच्याबरोबर चालत एच. आर.च्या दारापर्यंत गेल्या. तो बाहेर येईपर्यंत बाकावर बसून राहिल्या.

असं रोज होऊ लागलं. इकडे बोर्डावर फोन वाजत राहायचे. मिश्राजींनी एकदा विचारलंच, "दीदी, माइक किसलिए है?"

"माइक पे नाम लूँगी तो पूरा शेड मुड़ के देखेगा उसको," त्या म्हणाल्या. पुढे मिश्राजीच बोर्डाजवळ उभे राहून फोन उचलताना दिसायचे.

पण त्याचं असं झालं की लोक कुंदाताईंना भिऊ लागले. त्या शेडच्या दारात दिसल्या की ग्राइंडर बंद पडायचे. एकदा त्या नुसत्या वर्मांची गोळी द्यायला आल्या होत्या. त्यांना येताना पाहून वर्मांनी हातमोजे काढले, नीट घडी करून मशिनवर ठेवले आणि उभे राहिले. कुंदाताईंनी गोळी पुढे केली. "आपके लिए नहीं आई, वर्माजी. आपकी दवाई लाई." वर्मांनी ती तिथेच पाण्याशिवाय गिळली.

माझ्याकडे त्या आल्या तेव्हा मी एका पंख्याच्या पात्यांचं ड्रॉइंग करत होतो. ती ऑर्डर रद्द झाल्याचं मला माहीत होतं, पण दुसरं काम नव्हतं. त्या दारात उभ्या राहिल्या. "चाला, भाऊ."

मी उठलो. बाकीच्यांना त्या वाटेत काय सांगायच्या, याचं मला नेहमी कुतूहल होतं. माझ्याशी त्या वांग्याच्या भाजीबद्दल बोलल्या. सुनेनं भाजीत साखर घातली म्हणाल्या. मी भराभरा चालत होतो, तर माझी बाही धरून म्हणाल्या, "हळू चाला ना. ते कुठं पळून चाललं? माहा गुडघा दुखते."

आत फार वेळ लागला नाही. बाहेर आलो तर त्या बाकावरच होत्या. आम्ही कँटीनमध्ये जाऊन बसलो. त्यांनी दोन चहा सांगितले.

"मी तुमच्या भरवशावर होती जी," त्या म्हणाल्या.

मला कळेना. मी म्हणालो, "ताई, मी तुमच्या काय कामाचा?"

"घरी कोणी मराठी बोलत नाही. हे होते तवर दोघं बोलत होतो. आता पोट्टा समजते सगळं, पण जवाब हिंदीतच देते. सून इथलीच, तिले कसं येईन. नातू तर हसतेत मले. म्हणून इथं बोलत होती. तुमी कामात राहायचे, पण ऐकत तर होते."

त्यांच्या त्या बातम्या माझ्या सोयीसाठी असतात, असंच मी इतकी वर्षं समजत होतो. चहा गार झाला. तो त्यांनी तसाच घटाघटा पिऊन टाकला आणि बोर्डाकडे गेल्या.

पुढे त्यांचंही काम गेलं. निरोप मोबाइलवर जाऊ लागले, भोंगे उतरवले. त्यांना दारापर्यंत सोडायला मिश्राजी गेले होते, असं वर्मांकडून कळलं.

मी आता घरीच बसून लहानसहान वर्कशॉपची ड्रॉइंगं करून देतो. काम कधी असतं, कधी नसतं. दुपारी कधीतरी फोन वाजतो. गॅलरीतल्या कबुतरांपासून सुरुवात होते, मग सुनेची पंडरीच्या कापडबाजारातली खरेदी, गुडघे, अमरावतीहून मिश्राजींच्या बायकोने पाठवलेलं लोणचं. मी मधून मधून हूं म्हणतो. एकदा मी मध्येच विचारलं, "ताई, काही काम होतं का?"

त्या म्हणाल्या, "नाही जी. बोलून राहिली नुसती."

मी पेन्सिल खाली ठेवली आणि वांग्याची भाजी त्या कशी करतात, ते विचारलं.