धुराची साक्ष

भिंतीतली शेगडी पेटवली की धूर वर जायच्या ऐवजी खोलीत यायचा. आजी खोकायची, नात डोळे चोळायची आणि मास्तर, म्हणजे नातीचे आजोबा, म्हणायचे, "जुनं घर आहे, चालायचंच!"

खरं तर धूर कुठून येतो हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांनी साखर बंद केल्यावर त्यांनी धुराड्याच्या भिंतीतली एक वीट उचकटली होती. त्या पोकळीत क्रीमच्या बिस्किटांचा डबा ठेवून वीट पुन्हा सैलसर बसवली होती आणि वर आपल्या 'आदर्श शिक्षक' सन्मानपत्राची चौकट टांगली होती. या उद्योगात मागची वीट तडकली, ते पहिल्या जाळालाच कळलं. पण बोलायची सोय नव्हती. बायको ओरडली असती तर एक वेळ चाललं असतं. पण "लबाडी करू नये" असं रोज जिला सांगायचं, त्या नातीला काय तोंड दाखवायचं?

शेवटी आजीनं गवंड्याला बोलावलं.

"बिघाड वरच आहे," मास्तरांनी त्याला दारातच गाठलं. "धुराड्याचं टोपण बघा."

टोपण गंजलेलंच होतं. गवंड्यानं ते बदललं. धूर आला.

"मग विटांमधल्या फटी भरा. वरच्या, हं!"

गवंड्यानं छपरावर चढून फटी भरल्या. धूर आला.

"मग वाराच उलटा असणार."

"वाऱ्याची दुरुस्ती मी नाही करत, मास्तर."

तेवढ्यात नात म्हणाली, "आजोबा, तुम्हीच शिकवता ना, अंदाज करत बसू नये, प्रयोग करावा? धुराड्याचं तोंड ओल्या पोत्यानं बंद करू, खाली ओला पाला पेटवू. धूर फुटेल तिथे मी खडूनं फुली मारते."

मास्तरांनी चोरून चौकटीकडे पाहिलं. पण विद्यार्थिनी बरोबर बोलत होती. "शाबास," ते कसेबसे म्हणाले.

पाला धुमसला. मास्तर गुपचूप चौकटीला पाठ लावून उभे राहिले.

"आजोबा, सरका ना."

"मला इथंच बरं वाटतंय."

"पण तुमच्या कानांमागून धूर येतोय!"

"विचार करतोय मी."

"एवढा नका करू, मास्तर," गवंडी म्हणाला, "पेट घ्याल."

खोकल्याची अशी उबळ आली की मास्तरांना खिडकीकडे पळावंच लागलं. नातीनं चौकट उतरवली. मागे सैल वीट, विटेच्या कडेनं धूर, आणि वीट ओढताच डबा! मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"अजून अर्धा आहे की," आजीचा आवाज आला. "मी उद्या भरणारच होते."

मास्तरांनी एक डोळा उघडला. "भरणार?"

"बिनसाखरेची आहेत ती. गेल्या हिवाळ्यापासून. तुम्ही आणता ती मी आणि ही खातो."

नात एकदम खडू शोधायला टेबलाखाली वाकली.

"तरीच!" मास्तर म्हणाले. "मी म्हणतोय, हल्लीच्या बिस्किटांना पूर्वीची चव का नाही! अगं, मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, धूर नाकात गेला की आपणहून सांगाल. तुम्ही कसले सांगताय! मग हिलाच म्हटलं, शिकवलेलं दाखव आजोबांना."

टेबलाखालून आवाज आला, "आजोबा, प्रयोग बरोबर केला ना मी?"

"पैकीच्या पैकी," मास्तर म्हणाले. मग जरा थांबून, "मला मात्र शून्य."

संध्याकाळी गवंड्यानं तडकलेली वीट बदलली, पोकळी बुजवून गिलावा केला. शेगडी पेटली, धूर मुकाट्यानं वर गेला. डबा आता उघड्यावर, टेबलावर होता. मास्तरांनी त्यातलं एक बिस्कीट खाल्लं. काही मजा आली नाही. आजी आत गेल्याचं बघून ते गवंड्याच्या कानाशी लागले.

"एखादी वीट जरा सैल ठेवता येईल का हो? धुराड्याची नको. पलीकडच्या कोरड्या भिंतीतली."

गवंड्यानं थापी पुसत पलीकडच्या भिंतीकडे मानेनं खूण केली. सन्मानपत्र तिथे आधीच टांगलेलं होतं.

"ठेवलीय, मास्तर. काकूंनी सकाळीच सांगितलं होतं."