कोया जमवणारे सोमाभाऊ

सोमाभाऊ समोर उभे राहिले की आंबा गोड लागत नसे. त्यांची नजर आतल्या कोयीवर असायची. "चोखा, निवांत चोखा," म्हणायचे आणि हात पसरून तिथेच उभे. आरमोरीत लग्नाची पंगत उठली, की हा माणूस टोपली घेऊन उष्ट्या पत्रावळींमागे फिरे. बेलाच्या कवट्याही चालत.

धंदा कापडं रंगवणाऱ्या रंगाऱ्याचा. माझं शिंप्याचं दुकान त्यांच्या घराला लागून, म्हणून मला सगळं दिसायचं. कळायचं मात्र काही नाही. कोया मडक्यात भरायच्या, तोंड मातीने लिंपायचं आणि मडकं कोंड्याच्या विस्तवात पुरायचं. मडकं फोडून आतल्या लाल निखाऱ्यांवर पाणी शिंपडायचं, गार झाले की कुटायचे. मग बुडाला भोक पाडलेल्या रांजणात वाळू आणि तो कोळसा भरून वरून रंगाचं सांडपाणी ओतायचं.

"जलम गेला रंग चढवता, आता उतरवून राह्यलो, भाऊ!"

पहिल्या खेपेला लाल पाण्याचं काळं पाणी झालं. गल्ली पोट धरून हसली. काहींना ही करणी वाटली. खोटं कशाला सांगू, मीही थोडे दिवस त्या बाजूची खिडकी लावून घेतली होती.

कारण मला पुढे कळलं. धाकटी बहीण यमुना विधवा होऊन त्यांच्याकडेच राहत होती. सोमाभाऊंचं पाणी मागच्या नाल्यात जाई, तिथेच ती आपलं पांढरं लुगडं धुई आणि त्यावर गुलाबी झाक चढे. बायका बोलत, "नवरा मेल्यावर हिले रंगाचा शौक सुचून राह्यला!" ते ऐकल्यापासून सोमाभाऊंना अन्न जाईना.

एका दुपारी त्यांनी मला ओढतच नेलं. रांजणाखाली पाणी टपकत होतं, अगदी स्वच्छ. ते पिऊन दाखवायला निघाले, मी हात धरला. त्या दिवशी नाल्यात तेवढंच पाणी सोडलं. यमुना धुणं घेऊन आली, लुगडं वाळत घातलं. पांढरंशुभ्र!

"पाय यमुने! आता कोनी बोलनार नाई तुले."

तिने लुगड्यावरून हात फिरवला. "चांगलं झालं, दादा." मग पाठ फिरवून हळूच म्हणाली, "तेवढाच तुह्या हातचा रंग भेटे मले."

लुगड्याकडे दाखवणारा सोमाभाऊंचा हात खाली आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर रांजण रिकामा, कोळसा उकिरड्यावर. माझं डोकं चालेना. नाल्यावर मात्र सगळ्या बायकांसमोर ते हात जोडून म्हणाले, "नाई जमलं, बाप्पा. माहंच पानी खराब हाय. तिचा काय दोष?"

"लाज हाय का!" म्हणत बायका त्यांच्यावर तुटून पडल्या. यमुनेला कोणी काही बोललं नाही.

मी त्यांच्या घरी जाऊन चिडलो. "जमलं होतं ना? काऊन खोटं बोलता?"

"बोलनी मले बसू दे," ते म्हणाले. भट्टीवर रंग उकळत होता, त्यात काठी फिरवत राहिले. मग इकडेतिकडे पाहून माझ्या कानाशी आले.

"भाऊ, तू शिंपी हायेस. खरं सांग. तिले गुलाबी बरा दिसते, का नाल्यात पिवळा सोडू?"



"पिवळा," मी म्हटलं.