पहिला लेखक

प्राध्यापक वेणीमाधव दोन वर्षं सांगोल्याच्या माळावर मेंढ्यांमागे हिंडले आणि त्यांनी मेंढ्यांच्या चाऱ्यावर खराखुरा शोधनिबंध लिहिला. पण बढतीची मुलाखत सोमवारी होती आणि धड जर्नलला तपासायलाच आठ महिने लागतात. म्हणून त्यांनी मोबाइलवर जाहिराती करणारं एक ऑनलाइन जर्नल गाठलं. तज्ज्ञांकडून कसून तपासणी, तीही एका दिवसात, अशी त्याची ख्याती होती. ही ख्याती त्यानेच पसरवली होती. असल्या जर्नलांना लाज नसते, आणि त्यांच्या दारात रांग लावणाऱ्यांना तर त्याहून नसते.

फॉर्म भरायला कॉलेजचा क्लार्क संगप्पा बसला.

"सर, पयलं नाव कुणाचं टाकू?"

"बापूसाहेबांचं. संस्थेचे अध्यक्ष आहेत, त्यांना मागे कसं ठेवणार?"

"मग प्राचार्य. त्यांच्यामागं पूनम मॅडम, बापूसाहेबांच्या सूनबाई हायत. आन् विभागप्रमुख रुसतील, त्यांना बी घ्या की."

वेणीमाधवांचा नंबर पाचवा लागला. लग्नपत्रिकेत छापतात तसा हा मानाचा क्रम होता. पाचांपैकी माळावर पाय ठेवलेला माणूस एकच होता.

चहा संपायच्या आत निबंध प्रसिद्ध झाला. जर्नलच्या संगणकाने पहिल्या लेखकाला 'विषयतज्ज्ञ' असं प्रमाणपत्रही आपोआप पाठवलं. संध्याकाळपर्यंत भवानी पेठेत बापूसाहेबांच्या अभिनंदनाचा फ्लेक्स झळकला. शेजारी मेंढीचा फोटो होता आणि चेहऱ्यावरून तीच जास्त अभ्यासू वाटत होती.

घरी शकुंतलाबाईंनी वेबसाइट उघडली. "तुमचं नाव कुठाय हो?"

"'बापूसाहेब आणि इतर' लिहिलंय ना, त्यात."

"दोन वर्षं कपड्यांचा वास मी धुतला, तो ह्या 'इतर'साठी?"

"मुलाखतीत सगळं स्पष्ट सांगतो की."

सोमवारी बाहेरचे तज्ज्ञ आलेच नाहीत. प्राचार्य कसले हुशार, आपल्याच संस्थेत प्रमाणपत्रवाला तज्ज्ञ असताना दुसरा कशाला शोधायचा म्हणून त्यांनी त्या खुर्चीत बापूसाहेबांना बसवलं.

बापूसाहेबांनी निबंधाची पानं दोन्ही बाजूंनी पाहिली.

"सर, ह्यो निबंध कुणाचा?"

'माझा' हा शब्द वेणीमाधवांच्या अगदी ओठांवर आला. तेवढ्यात प्राचार्य खाकरले.

"आपलाच, साहेब," वेणीमाधव म्हणाले.

"त्ये माजं झालं," बापूसाहेब मायेने म्हणाले. "तुमी सोता काय केलंय, त्ये सांगा की."