मास्तरांची ठिगळं

मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण विश्वास कुणावर टाकला नाही. गिऱ्हाइकांची मापंसुद्धा ते स्वतःलाच कळतील अशा खुणांनी लिहीत.

आज संध्याकाळी शिंपी संघात त्यांचा सत्कार होता. "भाषणाला तयारी कशाला? उभा राहीन, बोलेन," असं महिनाभर सगळ्यांना सांगून झालं होतं. (जावयाने लिहून दिलेला कागद बंडीच्या आतल्या खिशात होता. ते बाहेर फुटलं, तर मिशी उतरवण्याची वेळ.)

दुपारी मास्तर आणि त्यांची बायको सत्काराच्या गावी लॉजवर उतरली. किल्ली देताना मॅनेजर म्हणाला, "निवांत राहा मास्तर, आमचं लक्ष आहे."

मास्तर खोलीत शिरताच कुजबुजले, "ऐकलंस? लक्ष आहे म्हणे!"

"अहो, पाहुण्यांना असंच म्हणतात."

"हल्ली बटणात कॅमेरा बसवतात. बटणातलं मला शिकवू नकोस."

पिशवीतून चिंध्या आणि चिकटपट्टी निघाली. आरशावर चादर पडली. घड्याळ, कुलपाचं भोक, प्लगची तिन्ही भोकं, सगळ्यांना ठिगळं लागली. छतावरच्या लाल दिव्यासाठी टेबलावर खुर्ची चढली, खुर्चीवर मास्तर. बायकोने खालून पाय धरले.

"आता माझ्या डोळ्यांनाही एक लावा," ती म्हणाली.

मग मास्तरांनी कागद काढला आणि खड्या आवाजात सुरुवात केली. गाडी शेवटच्या वाक्यावर अडली.

"मी आपणा सर्वांचा कृतघ्न आहे!"

"अहो, कृतघ्न म्हणजे उपकार विसरणारा. कृतज्ञ म्हणा. ज्ञ!"

"तेच म्हणतोय. कृतघ्न!"

एकवीस वेळा म्हणाले. एकदाही जमलं नाही.

संध्याकाळी मास्तर ताठ मानेने माइकसमोर उभे राहिले. "मी काही तयारी करून आलेलो नाही." पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं. मास्तरांनी दुर्लक्ष केलं. बाकी भाषण सुतासारखं सरळ गेलं. मग ते वाक्य आलं.

"मी आपणा सर्वांचा कृत... कृत..."

पहिली रांग एका सुरात ओरडली, "ज्ञ, मास्तर, ज्ञ!"

त्या रांगेतले आठही शिंपी लॉजवर शेजारच्याच खोलीत उतरले होते. मधली भिंत पातळ प्लायवूडची होती.

मास्तर शाल सावरत खुर्चीवर येऊन बसले. बायको हळूच म्हणाली, "सगळी भोकं बुजवलीत. तोंड तेवढं राहिलं."