सासूबाईंचं आळशी कबूतर

"इतिहास शिकलेला माणूस बाजारात कधीही फसत नाही," असं बहगत मास्तरांनी सकाळी बाकल्याच्या उसळीत भाकर बुडवता बुडवता जाहीर केलं.

समोर सासूबाई भेंडी निवडत बसल्या होत्या. इन्साफबाई त्यांचं नाव, आणि नावाप्रमाणे न्यायनिवाडा करायला त्या सदैव तयार. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मग परवाचं कलिंगड आतून पांढरं कसं निघालं, जावईबापू?"

"आई, कलिंगडाला इतिहास नसतो."

मास्तरांना त्या दिवशी असं ताठ राहणं भागच होतं. घर अलेक्झांड्रियात, नोकरी पार सीवाच्या वाळवंटात. बायको मायसा आणि मुलगी सासूबाईंकडे राहायच्या. मास्तर सुट्टीत येत, आणि आल्या आल्या मुलगी दारातच विचारत असे, "बाबा, कधी जाणार?" बिचारी सहज विचारायची, पण मास्तरांना रात्रभर झोप येत नसे. यंदा शहरातल्या एका मुलींच्या शाळेत शिक्षकांसाठी उन्हाळी शिबिर भरलं होतं, विषय 'आर्थिक संकटांचा इतिहास'. ज्याचा नमुना पाठ शिबिर चालवणाऱ्या डॉक्टर नवालबाईंना पसंत पडेल, त्याला त्याच शाळेत नेमणूक मिळणार होती. मास्तरांचा पाठ आज होता.

"हॉलंडात एकेकाळी ट्यूलिपच्या कांद्यांसाठी शहाणीसुरती माणसं वेडी झाली होती," मास्तर म्हणाले. "ते मी नुसतं सांगणार नाही, करून दाखवणार. फक्त गच्चीवरचं एक कबूतर द्या."

"ते आळशी घेऊन जा. नुसतं खातं आणि झोपतं. नाहीतरी शुक्रवारी ते पातेल्यातच जाणार आहे. पण परत आणा."

अशा रीतीने ते कबूतर पिंजऱ्यात बसून, म्हणजे झोपून, शिबिराला गेलं.

मास्तरांनी पिंजरा टेबलावर ठेवला आणि आवाज खाली आणला. "समजा, हे साधंसुधं कबूतर नाही. याची आजी राजवाड्याच्या गच्चीवर दाणे टिपायची. आहे कुणी घेणार? पैसे नकोत. चहाची कुपनं चालतील."

शिबिरात प्रत्येकाला चहाची कुपनं मिळत, आणि जुलैच्या त्या उकाड्यात शिक्षकांचा जीव त्या पुदिन्याच्या चहावरच तगून होता. तांता गावच्या विदादबाई गंमत म्हणून म्हणाल्या, "दोन चहा." गणिताचे फिक्री मास्तर म्हणाले, "चार." कुणीतरी आठ म्हणालं. कबूतर एकाकडून दुसऱ्याकडे विकलं जाऊ लागलं; विकणाऱ्याला लगेच पश्चात्ताप व्हायचा आणि तो पुन्हा चढी बोली लावायचा. हातातली कुपनं संपली तेव्हा उद्याची निघाली, मग परवाची, मग शेजाऱ्याकडून उसनी. शेवटी फिक्री उठून उभे राहिले. "माझी पंख्याखालची खुर्ची!"

वर्गात चालणारा पंखा एकच होता. कबूतर फिक्रींचं झालं. ते अजून झोपलेलंच होतं.

आता इथे थांबून 'पाहा, हे असं होतं' एवढंच मास्तरांनी म्हणायचं होतं. पाठाच्या टिपणात तसं लिहिलंही होतं. पण फिक्री पिंजऱ्यावर हात ठेवून असे काही हसले की मास्तरांना ते सहन होईना. या गणितवाल्याला राजवाड्यातली आजी काय कळणार? पुढचं वाक्य त्यांना स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं. "माझी शिबिरभरची सगळी कुपनं! शिवाय उद्या सगळ्यांना माझ्या सासूबाईंच्या हातची भरलेली कबुतरं!"

भरल्या कबुतरांचं नाव ऐकताच फिक्रींनी सौदा सोडला.

नवालबाईंनी चष्मा काढला. "मास्तर, कबूतर मुळात तुमचंच होतं ना?"

"होतं की नाही ते सोडा, बाई," मास्तर छाती काढून म्हणाले, "आता आहे."

आणि आपलं धन सगळ्यांना नीट दिसावं म्हणून त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं. जन्मात न उडालेलं ते कबूतर उठलं, अंग झाडलं आणि खिडकीतून घराच्या दिशेने चालतं झालं.

विदादबाई म्हणाल्या, "म्हणजे मी कबूल केलेली कुपनं आता कुणाची?" प्रत्येकाच्या डोक्यात एकच विचार आला, की दुसऱ्याने मागायच्या आत आपला चहा आपण पिऊन टाकावा. सगळे गुरुजन एकमेकांना ढकलत कँटीनकडे धावले. कँटीनवाल्या साबरीकाकांनी वीस वर्षं शाळेतल्या पोरी पाहिल्या होत्या, पण असं दृश्य कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी शटर ओढलं आणि आतून ओरडले, "चहा बंद!"

नवालबाई सगळ्यात शेवटी पोहोचल्या आणि चहाविना राहिल्या. "कबूतर आणि जेवण, तुम्ही शब्द दिलेलं सगळं उद्या इथे दिसलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "नाहीतर सीवाची गाडी कधी सुटते ते तुम्हाला माहीत असेलच."

कबूतर घरीच गेलं असणार, एवढाच मास्तरांना आधार होता. पण जिना चढताना दालचिनीचा आणि कबुतरात भरायच्या भाजलेल्या हिरव्या गव्हाचा वास आला आणि त्यांची पाचावर धारण बसली.

"आळशी आपणहून परत आलं," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "म्हटलं, पाठ झाला वाटतं. आज तुमचा मोठा दिवस. शुक्रवारची वाट कशाला पाहायची? बसा, मी खास तुमच्यासाठी केलंय."

मास्तर बसले. त्यांनी बशी बाजूला सारली आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. एरवी एका कलिंगडावरून आठवडाभर बोलणाऱ्या सासूबाईंनी आज नुसते हात पुसले, मायसाला हाक मारली आणि दोघी गच्चीवर गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या फाटकात टॅक्सी थांबली. सासूबाईंनी आणि मायसाने मिळून भलंमोठं पातेलं उतरवलं. गच्चीवरची सगळीच्या सगळी कबुतरं त्यात होती. मास्तरांचे डोळे भरून आले. ही बाई आपल्याला येता-जाता टोचते, आणि आपल्यासाठी हिने भरलेली गच्ची रिकामी केली. तिचे उपकार कसे फेडायचे हे त्यांना कुठल्याच शतकाच्या इतिहासात सापडेना.

"जावयाने शब्द दिला होता," सासूबाई नवालबाईंना म्हणाल्या. "एकाचा शब्द म्हणजे अख्ख्या घराचा शब्द."

"आणि ते राजवाड्यातलं कबूतर?"

"यातच आहे."

"यातलं कुठलं?"

सासूबाईंनी पातेल्यात वाकून पाहिलं. "आता मलाही सांगता यायचं नाही, बाई. भरल्यावर सगळी सारखीच."

नवालबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "तीन आठवडे मी हेच शिकवतेय," त्या म्हणाल्या. फिक्रींनी पंख्याखालची खुर्ची आपणहून सासूबाईंना दिली. साबरीकाकांनी कबुतराचा वास येताच शटर वर केलं आणि कुपन न मागता सगळ्यांना चहा पाजला.

"धडा शिकवता शिकवता स्वतः बुडून दाखवणारा शिक्षक मी पहिल्यांदाच पाहिला," निरोपाच्या वेळी नवालबाई मास्तरांना म्हणाल्या. "शाळेतल्या मुली तुमचा पाठ विसरणार नाहीत. नेमणूक तुमची."

संध्याकाळी मुलीने दारात नेहमीचाच प्रश्न केला, "बाबा, कधी जाणार?"

"सकाळी," मास्तर म्हणाले. "आणि दुपारी परत."

शुक्रवारी मास्तर मोठ्या कृतज्ञतेने कबुतरांच्या बाजारात गेले. सासूबाईंची गच्ची पुन्हा भरायची होती. परत आले ते एकच पिंजरा घेऊन.

"एकच?" सासूबाईंनी विचारलं.

"एकच, पण दहांच्या तोडीचं. आई, याची आजी म्हणे..."

बोलता बोलता त्यांनी दार उघडलं. कबुतराने गच्चीवर एक चक्कर मारली, दिशा पाहिली आणि ते सरळ विकणाऱ्याच्या घराकडे निघून गेलं.

इतिहास शिकलेला माणूस रिकामा पिंजरा धरून उभा राहिला.

"जाऊ द्या, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या घरी परत यावं हे पाखरालाही कळतं. तुम्ही आलात ना, मला तेवढं पुरे." मग त्यांनी पिंजरा त्यांच्या हातातून काढून घेतला. "मात्र यापुढे बाजारात मी जाईन. कलिंगडासाठीसुद्धा."