चाकावरचे गोटे

बोरकुटेभाऊ गावात शिरायच्या आधी अर्धा कोस त्यांचा आवाज गावात शिरायचा. घडडड-खळ, घडडड-खळ. नवख्याला वाटावं, बैलगाडीचा आस मोडलाय आणि तरी कोणी हट्टानं ती हाकतोच आहे. पण ज्यांना माहीत होतं ते पहिल्या 'घडडड'लाच ओळखत, की देवी काढणारा आला.

पन्नास सालानंतरची गोष्ट. चंद्रपूर तेव्हा चांदा होतं आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यातला एक तालुका. बोरकुटेभाऊ सरकारी व्हॅक्सिनेटर, देवीची लस टोचणारे. चार दातांची फिरकी पोराच्या दंडावर ठेवायची आणि गर्रकन फिरवायची, हे त्यांचं काम. मी हिवताप खात्यात नवा लागलेला, डीडीटीच्या फवारणीवर देखरेख करणारा. खात्यांनी आम्हा दोघांत मिळून एक भाड्याची गाडी दिली होती. म्हणजे भाऊ, मी, माझे पंप, त्यांच्या लसीच्या नळ्या आणि गाडीवान मंगरू. आणि गोटे.

पहिल्या दिवशी त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "अजून कच्चे हात!"

मला राग आला. पुढे कळलं की ते सगळ्यांनाच कच्चं म्हणतात. भात कच्चा, रस्ता कच्चा, तहसीलदार कच्चा. एका लग्नात नवरदेव पाटावर बसलेला असताना त्याच्या हनुवटीला हात लावून, "पोरगा बरा हाय, पन अजून एक फेरी पाह्यजे होती," असं त्यांनी मुलीच्या बापाला सांगितलं होतं.

ही भाषा गोट्यांची. गाडीच्या डाव्या चाकाच्या मधल्या तुंब्यावर त्यांनी वॉर्निशचा गोल डबा लोखंडी पट्टीनं आवळून बसवला होता. आतून लॉरीच्या ट्यूबचं रबर लावलेलं. त्यात वर्धेच्या आणि वैनगंगेच्या पात्रातून वेचलेले गोटे, पाणी आणि कुरुंदाचा चुरा. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे लोक चांद्याच्या बाजारात बसत. त्यांच्या पायाशी पडलेला चुरा भाऊ कागदात गोळा करून आणायचे. चाक फिरलं की डबा फिरायचा, डबा फिरला की गोट्यावर गोटा घासायचा. पंधरा दिवसांनी कुरुंद काढून बारीक रेती, मग आणखी बारीक, आणि शेवटी गेरू आणि चांभाराकडची चामड्याची कातरणं.

"घरी बसून हातानं घासले असते तर जनम गेला असता, फवारेसाहेब," ते मला म्हणायचे. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. फवारा मारतो म्हणून फवारेसाहेब. "सरकारनं मले चाक देल्लं. चाक रिकामं कायले फिरवा?"

त्यांना गोट्याचं वय दिवसांत सांगायला आवडत नसे. ते रस्त्यांत सांगत. तळहातावर एखादा तांबूस, मधून दुधाळ रेघ गेलेला गोटा ठेवून म्हणायचे, "हा पाहा. गडचिरोली ते चामोर्शी चार खेपा, तिथून घोट, आन् घोटहून आष्टी. आता सिरोंच्याची एक खेप झाली का तयार." इतका प्रवास मीसुद्धा केला नव्हता.

याचा ताप आम्हाला व्हायचा. एकदा दुपारी दोनला, पोटात कावळे ओरडत असताना, मुक्कामाचं गाव समोर दिसत होतं. भाऊंनी मंगरूला गाडी उजवीकडे वळवायला सांगितली.

"काऊन जी? गाव तं सामनेच हाय," मंगरू म्हणाला.

"नाल्याकडून घे. गोट्याईले दोन कोस कमी पडून राह्यले."

मंगरू बैलांकडे पाहून बोलला. "चला रे बाप्पा, गोट्यासाठी चला." डाव्या अंगाच्या बैलाला या डब्याचा एवढा वैताग आला होता, की भाऊ दिसले की तो मान फिरवून घ्यायचा.

मूलला त्यांचं घर होतं. बायको, दोन मुली. घरात जिथं डाळ-तांदूळ असायचे त्या मडक्यांत गोटे असत. मी एकदा जेवायला गेलो, तर वहिनींनी एका मडक्यात हात घातला, नुसताच खळखळाट झाला, दुसऱ्यात घातला, तेच. तिसऱ्यात तूर डाळ निघाली. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या गोट्याईले एक घर बांधा. आमी कुठीबी राहू."

आणि हा माणूस गोटा द्यायला मात्र महाकंजूस. वडशाला हिवाळ्यात नाटकांचे मांडव पडले होते. एका कंपनीचे मालक भाऊंची कीर्ती ऐकून दिवसाढवळ्या बिऱ्हाडी आले आणि हात जोडून म्हणाले, "राजाच्या मुकुटासाठी पाच-सहा खडे द्या. परत करू." भाऊंनी मुकुट हातात घेतला, ठोकून पाहिला. पत्र्याचा होता. मग त्यांनी राजाला भेटायचं म्हटलं. राजा धानाच्या गिरणीत कामाला होता, त्याला बोलावून आणलं. भाऊंनी त्याला दोन वाक्यं म्हणायला लावली, डोळे मिटून ऐकली आणि मुकुट परत दिला. "मुकुट चालला असता," ते म्हणाले, "राजा कच्चा हाय."

अशी आमची गाडी आनंदात चालली होती. म्हणजे, माझं काम आनंदात चाललं होतं. भाऊंचं चालत नव्हतं, आणि त्याचं कारण चाकावरच बांधलेलं होतं.

ते कसं उघडकीला आलं ते सांगतो. जिल्ह्याचे मोठे साहेब अचानक तपासणीला निघाले आणि जीपनं आमच्या आधी एका गावी पोचले. आम्ही मागून येत होतो. साहेबांना गावात एक म्हातारा आणि काही कोंबड्या एवढेच दिसले.

"लोक कुठे गेले?" साहेबांनी विचारलं.

"रानात गेले जी. गाडी ऐकली ना."

"कुठली गाडी?"

म्हाताऱ्यानं बोट वर केलं. मग लांबून, घडडड-खळ, घडडड-खळ. भाऊ गाडीतून उतरले, टोपी सारखी केली आणि प्रसन्न चेहऱ्यानं रामराम घातला. साहेब डब्याकडे बघत होते.

"हे काय आहे?"

"गोटे, साहेब."

"कशासाठी?"

"गुळगुळीत व्हाले."

साहेबांना हसावं की रागवावं ते कळेना; त्यांनी रागवायचं ठरवलं. "अहो, तुम्ही येताय हे तासभर आधी गावाला कळतं! आयांनी पोरं घेऊन पळायचं नाही तर काय करायचं? चामोर्शीच्या पलीकडे देवीच्या केसेस निघाल्यात. आजच्या आज हा डबा उतरवा."

भाऊंनी तिथंच डबा उतरवला, गवतात गुंडाळला आणि गाडीत पायाशी ठेवला.

त्यानंतरचं पहिलं गाव आम्ही मुकाट्यानं गाठलं. चाकांची कुरकुर सोडली तर आवाज नाही. ऐन जेवणाच्या वेळी आम्ही चावडीपुढे उभे राहिलो आणि कोणाला पळायला वेळच मिळाला नाही. कोतवालानं पोरं धरली. भाऊंनी फिरकी चालवली. एका पोरानं त्यांच्या मनगटाचा चावा घेतला, एका बाईनं पाण्याची घागर अंगावर ओतली. एकूण एकतीस पोरं टोचून झाली. एवढी एका दिवसात भाऊंनी कधी टोचली नव्हती.

मी म्हणालो, "झकास झालं की!"

भाऊ ओल्या सदऱ्यानं गाडीत बसून होते. मनगटावरचा चावा पुसत म्हणाले, "फवारेसाहेब, आज मी पोरं धरली. कोंबड्या धरतात तशी."

दुसऱ्या दिवशी हेटीटोल्याला जायचं होतं. रानातलं गोंडांचं लहानसं गाव. देवीची साथ तिथून दोन कोसांवर येऊन ठेपली होती. गाव अर्ध्या कोसावर राहिलं तेव्हा भाऊंनी गाडी थांबवली, गवतातून डबा काढला आणि चाकावर बसवायला लागले.

"साहेबानं नाई म्हनलं ना जी?" मंगरू म्हणाला.

"साहेबाचं मी पाहीन."

मला मात्र राहवेना. "भाऊ, साथ दोन कोसांवर आहे! आणि तुम्ही दवंडी पिटत जाणार?"

त्यांनी पट्टीचा पेच आवळला, हात पुसले. आवाज चढलेला नव्हता. "आज धरून टोचलं तं टोचल्या जाईन. पुढच्या खेपेले? या गावात मले आनखीन दहा वर्सं याचं हाय, साहेब. चोरावानी किती वेळा येऊ?"

आणि आम्ही घडडड-खळ करत हेटीटोल्यात शिरलो. अर्थातच गाव रिकामं. चुली धुमसत होत्या, एका दारात अर्धा पाखडलेला धान सुपात तसाच होता. झाडीतून कोणी तरी आपल्याकडे बघतंय एवढं मात्र कळत होतं.

भाऊंनी फिरकी पेटीतून काढलीच नाही. मोहाच्या झाडाखाली त्यांनी जास्तीचं धोतर अंथरलं, डबा उघडला आणि नाल्यावरून पाणी आणून गोटे धुवायला बसले. एकेक गोटा धुवायचा, पुसायचा, उन्हात धरायचा, धोतरावर मांडायचा. तांबडे, मधासारखे, शेवाळी, राखेच्या रंगावर पांढरी वर्तुळं असलेले. माझी चुळबुळ चालली होती. एक तास गेला. एक शेळी येऊन एक गोटा हुंगून गेली.

मग झाडीतून एक म्हातारी आली. हातात काठी, दंडावर गोंदण. धोतरापासून चार हात लांब उभी राहून ती मंगरूशी गोंडीत काही बोलली. मंगरूची आई गोंडाची, त्याला भाषा येत होती. तो हसायला लागला.

"काय म्हणते?" भाऊंनी विचारलं.

"म्हनते, एवढ्या दुरून गोटे धूत आला, याले घरी कोनी काम सांगत नाई का?"

"सांगतात म्हना. म्हनून तं फिरतो."

म्हातारी खाली बसली. तिनं एक मधाच्या रंगाचा गोटा उचलला, थुंकी लावून चोळला, डोळ्यापाशी नेला. असे गोटे तिच्या नाल्यात ढिगानं होते, ती म्हणाली, पण त्यांच्या पोटात हे असतं हे माहीत नव्हतं. किती दिवस लागले? भाऊंनी सांगितलं, तीन महिने, आणि मग सवयीनं सगळे रस्तेही सांगितले. मंगरूनं रस्ते गाळले.

नंतर तिनं पेटीकडे काठी केली. "आणि त्यात काय?"

हा प्रश्न भाऊंना आजवर कोणी विचारलेला नसावा. ते गडबडले. सदऱ्याची बाही वर करून त्यांनी आपल्या दंडावरचे जुने वण दाखवले. थोडं दुखतं, दोन दिवस ताप येतो, फोड येतो, खपली पडते, मग देवी आली तरी माणूस जात नाही. एकेक वाक्य बोलून ते मंगरूसाठी थांबत होते. खोटं काही सांगितलं नाही. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि आपला वाळका दंड पुढे केला.

फिरकी फिरली तेव्हा तिनं तोंड वाकडं केलं, मग झाडीकडे वळून अशी हाळी घातली, की आमचे बैल दचकले. एक बाई पोर काखेला घेऊन बाहेर आली. मग दुसरी. मग पाच-सहा.

मला वाटलं, आता पोरांना एकेक गोटा द्यावा लागणार आणि भाऊंच्या जिवावर येणार. पण पोरांना गोट्यांचं काही नव्हतं. गोटे त्यांनी रोजच पाहिले होते. त्यांना तो घडघडणारा डबा हवा होता. शेवटी मंगरूनं आसाखाली ओंडका देऊन चाक अधांतरी केलं, गोटे परत डब्यात घातले, आणि ठरलं की ज्यानं एका दंडावर टोचून घेतलं त्यानं दुसऱ्या हातानं चाक फिरवायचं. रडतारडता पोरं चाकाकडे पळत होती. भाऊ टोचत होते आणि मधेच ओरडत होते, "हळू रे, हळू! पानी-चुरा नाई त्यात, गोटे फुटतीन!" काही फुटलेही. त्यांनी पुढच्या पोराचा दंड पुसायला घेतला.

काम उन्हं कलायच्या आत संपलं. गावातलं एकही पोर टोचायचं राहिलं नाही. डब्याबद्दल साहेबांना पुढे कोणी काही सांगितलं नाही, मंगरूनंही नाही.

बैल जुंपले. मी गाडीत बसलो. भाऊ पेटी बांधत होते, तेवढ्यात ती म्हातारी पळसाच्या पानांच्या द्रोणात आंबील घेऊन आली आणि आपल्या ओसरीकडे हात करून म्हणाली, बस. एवढं समजायला मंगरूची गरज नव्हती.

भाऊ चटकन बाजूला सरले आणि वळून माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, ती मला बोलावते आहे. माझ्या फवाऱ्यानं ढेकूण मरत, म्हणून लोक रानातून परतले की गावोगाव मला कोणी ताक देई, कोणी खाट टाकून देई. मी ते घेत गेलो. त्या वेळी भाऊ गाडीमागे तीन दगडांची चूल मांडून आपली खिचडी शिजवत असत, आणि मला वाटे, हा माणूस सोवळ्याचा असेल.

म्हातारीनं काठीनं त्यांच्या पायाला हळूच टोकलं. "तू," मंगरू म्हणाला. "तुमाले म्हनून राह्यली जी."

"मले?"

ते ओसरीवर जाऊन बसले, अगदी कडेला, परक्या घरी लहान मूल बसतं तसे. दोन्ही हातांनी द्रोण धरला. आंबील संपली तसा त्यांनी द्रोण पुढे केला आणि म्हातारीनं तो पुन्हा भरला. दोन पोरं येऊन त्यांच्या गुडघ्यांना टेकून उभी राहिली, आपापला टोचलेला दंड अलगद धरून. पुढचा मुक्काम लांब होता आणि वाट जंगलाची होती.

मी मंगरूला म्हणालो, "बैल सोड."