वनमालाबाई ओरडत नाहीत

सोमवारपासून वनमालाबाई कुणावरच ओरडल्या नव्हत्या, आणि नीलकंठचा जीव टांगणीला लागला होता.

पंडरी बाजारातल्या आपल्या दुकानातून तो बुटांसकट स्वयंपाकघरात शिरला, तर आई म्हणाली, "थकला असशीन बाबू, बस." धाकट्या भार्गवनं नव्या चादरीवर वरण सांडलं, तरी ती हसली. पस्तिशी ओलांडलेल्या नीलकंठचं आणखी एक स्थळ फिसकटलं, तेव्हाही "योग असन तवा होईन" एवढंच. इथं मात्र दोघे भाऊ हादरले.

"दादा, माय दुखणं लपवून राहिली," भार्गव गच्चीवर कुजबुजला.

"काहून लपवन?"

"आपल्याले त्रास नको म्हणून. जाणारं माणूस असंच गोड बोलते."

त्या संध्याकाळी भार्गवनं सफरचंदं आणली, नीलकंठनं आईचे पाय चेपले. वनमालाबाईंचे डोळे भरून आले. "इतके चांगले पोट्टे, अन् मी अशी!" आता शंकेला जागाच उरली नाही.

रविवारी सकाळी नीलकंठ म्हणाला, "चाल माय, डॉक्टरकडे जाऊन येऊ. नवी कार काढतो."

वनमालाबाईंचा चेहरा उतरला. "कार नको! रिक्षा बोलाव."

"पाह्यलं? धक्के सोसत नाहीत तिले," भार्गव पुटपुटला.

"अन् रिक्षात काय पाळणा हाय?" म्हणत नीलकंठनं कारच्या कव्हरला हात घातला. तशा वनमालाबाई पायरीवरून धावत आल्या आणि हात पसरून कारला आडव्या उभ्या राहिल्या. भार्गवनं त्यांना मिठी मारली आणि हमसून रडायला लागला. तेवढ्यात कव्हर सुटलं.

मागचा बंपर आत गेला होता, एक दिवा फुटला होता आणि फटीत पेरूची फांदी पानांसकट अडकली होती.

कुंपणापलीकडून शेजारची अनुश्री ओशाळून म्हणाली, "भैया, आंटी सीधा तो बढ़िया चला रही थीं. बस रिवर्स में गड़बड़ हो गई."

"माय, तू कार चालवली?"

"हिच्याकडून शिकून राहिली होती," वनमालाबाई खाली मान घालून म्हणाल्या. "मले अभनपुरले बहिणीकडे न्याले तुमाले कधी सवड असते? सोमवारी ते झाड मधात आलं. कोणत्या तोंडानं सांगू?"

नीलकंठ मटकन पायरीवर बसला. "म्हणजे तुले काहीच झालं नाही?"

"मले काय होते?"

तो हसायला लागला. हसता हसता त्याच्यावर डोळे पुसायची वेळ आली. बंपर काय, बाजारात नवा मिळतो.

बोलणी बसतील म्हणून वनमालाबाई जरा थांबल्या. नीलकंठ हसतच होता. मग त्यांनी पदर खोचला.

"दात काय काढून राहिला? अन् तू रे भार्गव, घोड्याएवढा झाला, रस्त्यावर रडतं? सारा पारा-मोहल्ला पाहून राहिला! डोळे पूस आधी!"

आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "दादा," भार्गव नाक ओढत आनंदानं म्हणाला, "माय एकदम ठणठणीत हाय."

वनमालाबाई तोवर ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसल्याही होत्या. "नीलकंठ, ये. ते रिवर्स तूच शिकव."

अनुश्रीनं धावत जाऊन आपली स्कूटी फाटकाच्या आत घेतली.